गिरणगावची जमीन : नकाशा, उपग्रह आणि साक्ष

महाराष्ट्राच्या गावगाड्यात शिवेचा तंटा उभा राहिला की साक्षीला महार लागे. दोन गावांची हद्द नेमकी कोठून जाते, कोणत्या बांधापासून निघून कोणत्या ओढ्याला मिळते, कोणता दगड शिवेचा आणि कोणता नुसताच दगड, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असे. तो हद्दीवरून चालत जाई आणि त्याच्या चालण्यावर निवाडा ठरे. गावाच्या जमिनीचा चालताबोलता नकाशा म्हणजे हा माणूस. पण तो राहत असे गावकुसाबाहेर, आणि जमिनीचा कागद असे कुलकर्ण्याच्या दप्तरात. ज्याला जमीन माहीत त्याच्या हाती कागद नाही. ज्याच्या हाती कागद त्याच्या घरात जमीन. आपल्या जमिनीच्या इतिहासातील ही मूळ विसंगती आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ उगारला तो या लेखणीच्या सत्तेवरही होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, तेही याच गाठीला हात घालण्यासाठी. वतने प्रत्यक्षात गेली ती त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने.

१९७२ पासून जमिनीची साक्ष देणारा एक नवा साक्षीदार आकाशात फिरतो आहे. जंगल किती घटले, खाडी किती बुजली, शहर किती पसरले, हे सांगायला आता उपग्रहाची छायाचित्रे काढली जातात. शासन त्यांचा आधार घेते, न्यायालयात ती दाखल होतात, विकासाच्या आराखड्यांना ती जोडली जातात. हा साक्षीदार जात पाहत नाही, लाच खात नाही, असे त्याच्याविषयी म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु साक्षीदार निःपक्षपाती असला म्हणजे निवाडा न्यायाचा होतोच असे नाही. त्याला प्रश्न कोण विचारतो आणि कोणता विचारतो, यावर सारे अवलंबून असते. या दृष्टीने मुंबईच्या गिरणगावाचा, म्हणजे परळ, लालबाग, लोअर परळ, नायगाव, दादर, वरळी या पट्ट्याचा इतिहास तपासण्यासारखा आहे. येथे शहराच्या श्रमिकांची जमीन डोळ्यांदेखत गेली, आणि उपग्रहाच्या नोंदीत ती गेल्याची खूण जवळजवळ उमटलीच नाही. हे कसे घडले, आणि त्यावरून आपण काय शिकायचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुंबईचे मोजमाप

मुंबईच्या जमिनीवर पूर्वी काय होते याची एक जुनी नोंद नावांत आहे. गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी आहेत. पुढे ताडदेव, चिंचपोकळी, वडाळा आहेत. या वाड्यांत आज फणस नाही आणि केळही नाही, पण नावाने झाडाची आठवण धरून ठेवली आहे. आज शास्त्रज्ञ ज्याला भू-आच्छादन म्हणतात, म्हणजे जमिनीवर झाड आहे, पाणी आहे, पीक आहे की घर आहे याची नोंद, ती लोकांनी आपल्या बोलीत केव्हाच करून ठेवली होती.

या सात बेटांच्या मधून भरतीचे पाणी आत शिरे आणि मधला सखल भाग खाजण होऊन राही. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत महालक्ष्मीजवळची खिंड बांध घालून बंद करण्यात आली. हे काम १७८४ च्या सुमारास पुरे झाले आणि आतली सखल जमीन हळूहळू कोरडी होत गेली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. शतक संपता संपता मुंबईत सुमारे ऐंशी गिरण्या उभ्या होत्या. समुद्राकडून मिळवलेल्या जमिनीचा मोठा हिस्सा असा गिरण्यांच्या पोटी गेला.

जमिनीला किंमत आली की मोजणीदार येतो. १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन यांनी मुंबई शहराचे तपशीलवार भूमापन केले. रस्ता, विहीर, तलाव, घर आणि कुंपण त्यात नोंदले गेले. हे काम नेटके होते यात शंका नाही. पण ही मोजणी एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर शोधत होती : ही जागा कोणाच्या नावावर आहे, आणि सरकारला तिचा सारा किती यावा? त्या जागेवर कोण राबतो, कोण भाड्याने दाटीवाटीने राहतो, हे त्या प्रश्नात बसत नव्हते.

१८९६ साली प्लेग आला. आता नकाशाला दुसरा प्रश्न विचारण्यात आला : रोग कोठे आहे? दाट वस्त्यांवर बोट ठेवण्यात आले. माणसाच्या वस्तीला अयोग्य, अशी खूण घरांवर पडू लागली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखीव वसाहत बसवली आणि श्रमिकांसाठी चाळीही बांधल्या. परंतु पाडापाडी आधी आणि घरे मागाहून, असा हा क्रम होता. मधल्या काळात उठवलेली माणसे कोठे गेली, याचा नकाशा कोणी काढला नाही. परळच्या पोयबावडीजवळील ट्रस्टच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांनी आपल्या आयुष्याची सुमारे दोन दशके काढली. तेथून ते दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त गेले. नकाशावर हे अंतर थोडे आहे; सामाजिक अंतर किती होते ते येथे सांगायला नको.

१९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याने वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी बांधल्या. एका मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी, आणि खोली १६० चौरस फुटांची. वरळी-नायगावच्या या चाळींत पूर्वास्पृश्य समाजाची मोठी वस्ती झाली. पुढे दलित पँथरच्या काळात, जानेवारी १९७४ मध्ये, वरळीची दंगल झाली ती याच चाळींच्या आवारात.

गिरणीच्या आतही एक गावकूस होते. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो धागा अस्पृश्याच्या तोंडाचा चालणार नाही, म्हणून साचे खात्यात, जेथे पगार जास्त होता, तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव असे. त्याची वाट रिंग खात्यासारख्या कमी पगाराच्या खात्यांकडे जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला आणि साचे खाते खुले करण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवली. साचे खाते आणि रिंग खाते एकाच गिरणीच्या छपरांखाली नांदत होती. वरून पाहणाऱ्याला छप्पर तेवढे दिसेल. छपराखालची शीव दिसणार नाही. पुढील विवेचनाचा हा धागा आहे.

ठिपका आणि खोली

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने जमिनीची पाहणी करणारा आपला पहिला उपग्रह सोडला. तो पुढे लँडसॅट-१ या नावाने प्रसिद्ध झाला. याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि याच वर्षी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. या तीन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही. तरीही एकाच वर्षी आकाशातून आणि गटारातून, अशा दोन टोकांहून हे शहर पाहायला सुरुवात झाली, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

उपग्रह कसा पाहतो हे कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. त्यात गूढ काही नाही. सूर्याचा प्रकाश जमिनीवर पडतो आणि परावर्तित होतो. पाणी त्यातला बहुतेक प्रकाश गिळते. हिरवे पान डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण जोराने परत पाठवते. सिमेंट, पत्रा, डांबर यांची परत पाठवण्याची रीत निराळी असते. उपग्रहावरचे यंत्र हे परतलेले किरण निरनिराळ्या पट्ट्यांत मोजते आणि जमिनीचे चौकोनी ठिपके पाडून प्रत्येक ठिपक्याला आकडे देते. आकड्यांचे रंग केले की चित्र तयार होते. प्रचलित पद्धतीच्या चित्रात झाडे लाल दिसतात आणि वस्ती निळसर-करडी. मग संगणक सारख्या आकड्यांचे गट पाडतो : हे पाणी, हे खारफुटीचे रान, हे शेत, ही बांधीव जमीन. दोन निरनिराळ्या वर्षांची अशी चित्रे एकावर एक ठेवली की कोठे काय बदलले ते निघते. पावसाळ्यात मुंबईवर ढग असतात, म्हणून कामाची चित्रे बहुधा नोव्हेंबर ते मार्चमधील असतात.

सगळी मेख ठिपक्याच्या आकारात आहे. लँडसॅट-१ चा ठिपका सुमारे ८० मीटरचा होता. म्हणजे ६,४०० चौरस मीटर, दीड एकराहून जास्त. तेवढ्या जमिनीवर जे काही असेल त्या सर्वांचा मिळून एक आकडा. कामाठीपुऱ्यासारखी वस्ती अशा चित्रात मोजक्या ठिपक्यांत संपते. १९८२ च्या लँडसॅट-४ पासून ३० मीटरचा ठिपका आला. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह मार्च १९८८ मध्ये गेला. त्याचा बारीक ठिपका सुमारे ३६ मीटरचा होता.

आता हा हिशेब चाळीच्या खोलीला लावून पाहू. ३० मीटरचा ठिपका म्हणजे ९०० चौरस मीटर, सुमारे ९,७०० चौरस फूट. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या साठ खोल्यांचे क्षेत्र एका ठिपक्यात मावते. त्यातही चाळ तळमजला धरून चार मजली. वरून छप्पर एकच. एका खोलीत सात माणसे धरली तर त्या छपराखाली साडेपाचशेहून अधिक माणसे राहतात. मलबार हिलवरच्या एका बंगल्याचे छप्परही कदाचित तेवढ्याच ठिपक्यांचे भरेल, आणि त्याखाली पाच माणसे राहत असतील. उपग्रहाच्या लेखी दोन्ही ‘बांधीव’. पदपथावर सहा बाय आठच्या झोपडीत राहणाऱ्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणात ज्यांच्या उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण ज्यांना पदपथावरून हटविण्यालाही परवानगी दिली, ती माणसे त्या वर्षीच्या कोणत्याही उपग्रह-चित्रात शोधून सापडणार नाहीत.

‘बदल नाही’

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. १६ जुलै १९८२ रोजी, संपाला सहा महिने पुरे व्हायला दोन दिवस असताना, लँडसॅट-४ आकाशात गेला. दूरसंवेदनाच्या इतिहासात ही मोठी प्रगती मानली जाते. पण खाली काय चालले होते? भोंगे बंद होते. खानावळवाल्या बायांचे हिशेब थकले होते. बदली कामगार गावाकडच्या गाडीत बसत होता. यातले काहीही ३० मीटरच्या ठिपक्यात उमटत नाही, कारण गिरण्यांची छपरे जागच्या जागी होती. अडीच लाख माणसांचे जगणे उद्ध्वस्त झाले आणि भू-आच्छादनाच्या कोष्टकात त्यासमोर नोंद पडेल ती एवढीच : बदल नाही.

पुढची गोष्ट याहून गंभीर आहे. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ ने असे ठरविले की बंद गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळावी. सर्व जमीन या सूत्राखाली आली असती तर शहराला २०० एकरांच्या आसपास मोकळी जागा मिळाली असती. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सर्व गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची योजनाही मांडली. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. ही वाटणी आता गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच लागू राहील, असा तिचा अर्थ लावण्यात आला. छपरे पाडून जी जमीन मोकळी होईल ती वाटणीतून वगळली गेली. गिरणीच्या आवारात छपरांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. साहजिकच वाटणीला उरले ते थोडे.

हे बारकाईने पाहिले पाहिजे. शेकडो एकर जमिनीचे भवितव्य ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थावर टांगले गेले. जमीन झाकलेली आहे की उघडी, हा शुद्ध भू-आच्छादनाचा प्रश्न आहे. एखाद्याला वाटेल की याचे उत्तर उपग्रहाला विचारावे. छप्पर आहे तोवर तो ‘बांधीव’ म्हणेल, आणि पाडल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘उघडी’ म्हणेल. पण उघडी दिसणारी ती जमीन कायद्याच्या भाषेत ‘मोकळी’ ठरणार की नाही, हे आकाशात ठरत नव्हते. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये पाडून झालेली जमीनही मोकळीच धरली. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दरम्यान २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव सुरू झाले होते. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली. दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३ गेली ४२१ कोटींना.

आज १९७३ चे आणि अलीकडचे चित्र शेजारी ठेवून मुंबईच्या भू-आच्छादनातील बदलाचा नकाशा केला, तर नरिमन पॉइंट-कफ परेडची भरणी ठळक दिसते. वांद्रे-कुर्ला संकुलाखाली गेलेली मिठी नदीकाठची खारफुटी आणि दलदल दिसते. पाण्याची जमीन झाली, रानाचे शहर झाले, हा बदल संगणकाला कळतो. गिरणगावावर मात्र तो बहुतांशी पूर्वीचाच रंग भरतो. १९७३ ला बांधीव, आजही बांधीव. कारखान्याचे छप्पर जाऊन मॉलचे आले, चाळ जाऊन टॉवर आला, कामगाराच्या जागी दुसरा वर्ग आला. वर्गीकरणाच्या दृष्टीने काहीच घडले नाही. भू-आच्छादन म्हणजे जमिनीवर काय आहे. भू-वापर म्हणजे माणूस त्या जमिनीचे काय करतो. आणि भू-स्वामित्व म्हणजे ती कोणाची आहे. उपग्रह पहिल्याचे उत्तर चांगले देतो, दुसऱ्याचे अर्धवट देतो, तिसऱ्याचे देऊच शकत नाही. आपला लढा मात्र मुख्यतः तिसऱ्याचा आहे.

‘बदल नाही’ ही नोंद निरुपद्रवी नसते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मजल्यावर मजले चढले होते. रोज उतरणाऱ्या माणसांची संख्या वाढत गेली होती आणि पूल अरुंदच राहिला होता. वरून पाहिले तर तेवढीच जमीन, तेवढाच बांधीव भाग. तीन महिन्यांनी, डिसेंबर २०१७ च्या अखेरीस, कमला मिलच्या आवारातील आगीत १४ माणसे मेली. नकाशात न दिसणारा बदल माणसांच्या मरणात दिसला.

चित्रात काय वाचता येते

येथवरच्या विवेचनाचा अर्थ उपग्रह-चित्रे निरुपयोगी आहेत असा कोणी काढू नये. शूद्रातिशूद्रांना विद्येपासून दूर ठेवून जे साधले, ते आपण नव्या विद्येकडे पाठ फिरवून स्वतःच्या हाताने साधून देण्यात शहाणपण नाही. या चित्रांवर पूर्वी सरकारी बंधने होती, ती महाग होती, आणि सामान्य संघटनेला ती मिळत नसत. २००८ पासून लँडसॅटचे सारे जुने भांडार विनामूल्य खुले झाले. २००९ साली इस्रोने ‘भुवन’ सुरू केले. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ ची १० मीटर ठिपक्याची चित्रे फुकट मिळू लागली. आणि एक मीटरच्या आसपासचे बारीक चित्र, ज्यात एकेक घर ओळखता येते, ते आता कोणाही विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीवर पाहता येते.

बारीक चित्रात गिरणी ओळखता येते. तिचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असे. साच्यांवर दिवसभर सारखा उजेड पडावा, ऊन थेट येऊ नये, म्हणून त्याच्या काचा उत्तरेकडे ठेवीत. वरून ते समांतर पट्ट्यांसारखे दिसते. आवारात पाण्याचा तलाव असे. या पट्ट्या कोणत्या वर्षीच्या चित्रापर्यंत आहेत आणि कोणत्या वर्षी नाहीशा झाल्या, यावरून ती गिरणी केव्हा पाडली त्याचा काळ काढता येतो. पाडण्याची परवानगी केव्हाची होती, हे कागदावरून तपासता येते. सावलीही बोलते. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावलीची लांबी तीच इमारतीची उंची. हिवाळ्यातल्या सकाळच्या चित्रात टॉवरची सावली वायव्येकडे पडते. ती कोणत्या बैठ्या चाळीवर आणि कोणत्या शाळेच्या पटांगणावर पडते, हे मोजून दाखवता येते.

चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिक त्या आवारात शिरले आणि स्मारकासाठी जमिनीची मागणी धसास लागली. डिसेंबर २०१२ मध्ये साडेबारा एकर जमीन देण्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. प्रत्येक टप्प्याला प्रत्यक्ष जमिनीवर काय होते, छपरे केव्हा उतरली, पाया केव्हा खणला, हे सालवार चित्रांतून क्रमाने लावता येते. गिरणगावातील ज्या जमिनीवर चळवळीने आपला हक्क मान्य करून घेतला, तिचा असा सचित्र इतिहास कोणीतरी करून ठेवायला हवा. घोषणा आणि काम यांतले अंतर मोजायला हा गज उपयोगी पडेल.

जमिनीवरचे सत्य

दूरसंवेदनाच्या शास्त्रात एक नियम आहे. चित्रावरून केलेले वर्गीकरण प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळल्याशिवाय ग्राह्य धरायचे नाही. या पडताळणीला ते शास्त्रज्ञ ‘ग्राउंड ट्रूथ’ म्हणतात. जमिनीवरचे सत्य. शास्त्र स्वतःच येथे कबूल करते की वरून पाहिलेले अपुरे आहे आणि शेवटचा शब्द जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा आहे.

सत्ता मात्र हा नियम सोयीने विसरते. वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. गुजरातमध्ये आदिवासींचे दावे उपग्रह-चित्रात शेत दिसत नाही एवढ्यावर नाकारले गेले. २०१२ च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले की उपग्रह-चित्र हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा त्याने घ्यायची नाही. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ साली तशीच भूमिका घेतली. चित्रात नाही म्हणजे जागेवर नव्हते असे होत नाही. झाडांच्या सावलीतला वाफा, डोंगरउतारावरची नाचणी, गटाराकाठची झोपडी, ही ठिपक्याच्या बेरजेत हरवतात. हे तत्त्व झोपडपट्टीच्या पात्रतेसाठीही तेवढेच खरे आहे. १९७६ च्या पहिल्या झोपडपट्टी गणनेपासून फोटोपास जपून ठेवणाऱ्या माणसाला, आकाशातून तू दिसत नाहीस, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हेच हत्यार आपल्या बाजूने चालवता येते. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून गायरान हा आपल्या चळवळीचा विषय आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद केली. जुनी वहिवाट दाखवायला दंडाच्या पावत्या आणि पंचनामे लागतात, आणि ते गावातल्या प्रस्थापितांच्या मर्जीवर असतात. आता गणित करू. दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. लँडसॅटचे नऊ ठिपके. १९८९-९० च्या हिवाळ्यातल्या चित्रात भोवतालचे गवत वाळलेले असताना हे नऊ ठिपके रब्बी ज्वारीने भरलेले दिसले, तर ती वहिवाट मुदतीच्या आत होती याला पूरक पुरावा मिळतो. कुलकर्ण्याच्या दप्तरात जे लिहिले गेले नाही ते कधीकधी आकाशातल्या दप्तरात लिहिलेले असते. ते उघडून वाचणारा आपल्यातला हवा.

गिरणगावासाठी जमिनीवरचे सत्य आपल्याजवळ विपुल आहे. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये नागपाड्याजवळचा कावाखाना उभा केला तो १९७८ साली. बाबुराव बागुलांनी श्रमिक वस्त्यांतले जगणे त्याआधीच कथेत आणले होते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील शंभर माणसांच्या मुलाखतींतून या भागाचा मौखिक इतिहास सिद्ध केला. दलित साहित्याकडे आपण वाङ्मय म्हणून पाहतो, आणि पाहावेच. पण ते भूमीची साक्षही आहे. कोणत्या गल्लीत किती माणसे राहत, नळ कोठे होता, कोणत्या खात्यात कोणाला मज्जाव होता, हे त्यात आहे, आणि ते जगातल्या कोणत्याही उपग्रहात नाही.

आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी यापुढे एक काम हाती घ्यावे. गिरणगावातील एकेक गिरणी आणि एकेक चाळ घ्यावी. तिचा सी.एस. नंबर आणि मालमत्ता पत्रक मिळवावे. मालकीचा इतिहास त्यात सापडेल. १९७३, १९८८, २०००, २००५ आणि २०१५ च्या आसपासची चित्रे लावावीत. जमिनीवर काय होते ते त्यांत दिसेल. आणि तेथे राहिलेल्या, राबलेल्या माणसांच्या जबान्या नाव, खाते आणि खोलीसकट लिहून घ्याव्यात. जमीन कोणाची होती ते त्या सांगतील. म्हाडाकडे घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची आणि वारसांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात आहे. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरे निघाली ६,९२५. अर्ज करणारे अनेक आज हयात नाहीत. चित्रे भांडारात सुरक्षित आहेत, ती पन्नास वर्षांनीही मिळतील. माणसे मिळणार नाहीत. म्हणून कामाची सुरुवात जबान्यांपासून झाली पाहिजे, आणि ती याच वर्षी झाली पाहिजे.